सासूबाईंना सांभाळायला चोवीस तासांच्या ताई येणार आहेत. घर कसं लावून ठेवू? (इंदूर)

रामबागची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाईंना (वय ८१) अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली आहे. बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. मधुमेह जुना, इन्शुलिन सुरू आहे. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी सोडतील. मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले, मुलगा बारावीला. एजन्सीकडून चोवीस तासांच्या एक ताई ठरवल्या आहेत. खरगोनकडच्या आहेत, चाळिशीच्या, हिंदी आणि निमाडी बोलतात.

घर जुनं, रामबागेतलं. खाली बैठक, मधली खोली आणि स्वयंपाकघर. न्हाणीघर-संडास मागच्या चौकापलीकडे. दर दाराला उंबरठा. आमच्या खोल्या वर.

पलंग, हवेची गादी हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण एक नवं माणूस घरात रात्रंदिवस राहणार, त्याची तयारी काय करायची हे कुणी सांगत नाही. त्यांनी झोपायचं कुठे? जेवणाचं कसं? कपाटं, किल्ल्या, औषधं? देवघर स्वयंपाकघरातच आहे आणि सासूबाईंचं सोवळं कडक, हेही सांगून ठेवते. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

निवृत्त_सिस्टर

सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून नोकरी झाली, आता इंदूरलाच असते. ताई, पलंग-गादीच्या आधी रात्रीचा हिशेब करा.

सासूबाईंना आपली आपण कूस बदलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कुणीतरी ती बदलून द्यायला हवी. हवेच्या गादीने दाब कमी होतो, पण कूस बदलायचं काम सुटत नाही. आता जी बाई दिवसभर उचलणं, पुसणं, भरवणं करते, ती रात्री दर दोन तासांनी उठली तर झोपणार कधी? चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई असं लोक धरून चालतात. मग थकून ती तरी सोडून जाते, नाहीतर पेशंट तिच्या हातून निसटतो. म्हणून आत्ताच ठरवा: रात्री दोन वेळा घरातलं कोण उठणार? नाहीतर रात्रीसाठी दुसरं माणूस. आणि दुपारी त्यांना सलग झोप मिळेल अशी वेळ बांधून द्या. हे एजन्सीला सांगून भागत नाही, ताईंना समोर बसवून सांगा.

खोली मधली घ्या. बैठकीत येणं-जाणं असतं, डायपर बदलायला आडोसा राहत नाही. पलंग भिंतीला लावू नका, दोन्ही बाजूंनी तीन फूट जागा सोडा. एकाच बाजूने ओढून कूस बदलणाऱ्या बाईच्या कंबरेचं वाटोळं होतं. वर-खाली होणारा पलंग मिळाला तर फार बरं. अंग पुसताना तो कंबरेइतका वर घ्यायचा, बसवताना पाय जमिनीला टेकतील इतका खाली. दवा बाजारात सर्जिकलवाल्यांकडे आधी भाड्याने मिळतो का विचारा, विकत घ्यायची घाई करू नका. सासूबाईंच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक आडवी चादर कायम ठेवा. दोघांनी तिची टोकं धरून सरकवलं की कातडी घासत नाही.

भरवण्याबद्दल मुद्दाम लिहिते. झटक्यानंतर गिळायचा त्रास पुष्कळांना असतो. होईल तितकं ताठ बसवायचं, घास लहान, तोंडाच्या चांगल्या बाजूने. खाणं झालं की उजव्या गालात काही साठून राहिलंय का बघायचं आणि अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. पाणी, चहा असल्या पातळ पदार्थांनीच ठसका जास्त लागतो, तेव्हा किती दाट करून द्यायचं ते डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टकडून लिहून आणा. आपल्या इंदुरात भेटायला येणाऱ्याला पोहे, त्यावर मूठभर सेव. कुणीतरी मायेने चमचाभर आजींच्या तोंडात घालणार. असा कोरडा, भुगा होणारा पदार्थ श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियापर्यंत जातं. पलंगापाशी ठळक अक्षरात कागद लावा: ‘ताईंना विचारल्याशिवाय तोंडात काही देऊ नये.’ आणि हा नियम सगळ्यात आधी घरच्यांना. नणंदेने दिलेला लाडू ताईंनी अडवला तर तुम्ही ताईंच्या बाजूने उभं राहायचं.

औषधांचा आठवड्याचा डबा तुम्ही भरा, त्यांनी द्यायचं आणि वहीत खूण करायची. इन्शुलिन मात्र तुम्ही दोघं शिकून घ्या. अटेंडंट म्हणजे नर्स नव्हे. भरवणं, स्वच्छता, उठवणं-बसवणं हे त्यांचं काम. सुई टोचणं आणि नळी घालणं-बदलणं हे नर्सचं. साखर ७० च्या खाली गेली, पेशंट शुद्धीवर आहे आणि गिळतोय, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. सासूबाईंना ते कशातून द्यायचं हे घरी सोडण्याच्या दिवशीच विचारून ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

फिजिओ_बडोदा

बडोद्याला प्रॅक्टिस करतो, दांडिया बाजारातली जुनी मराठी घरं रोज बघतो. तुमचं वर्णन वाचून घर डोळ्यांसमोर आलं.

मागच्या न्हाणीघराचा नाद सध्या सोडा. ओल्या चौकातून ताईंनी सासूबाईंना नेणं दोघींनाही धोक्याचं. पलंगाशेजारी चाकांची कमोड खुर्ची ठेवा, चाकांना ब्रेक हवेत. अंघोळीऐवजी अंग पुसणं. पुढे ताकद आली की न्हाणीघराचं बघू.

व्हीलचेअर घेण्याआधी सगळ्यात अरुंद दार टेपने मोजा. साधी खुर्ची चोवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि जुन्या दाराची एकच फळी उघडली तर ती अडकते. उंबरठ्याला उताराची फळी लावताना एकास बाराचं प्रमाण धरा. दोन इंच उंबरठा असेल तर उतार दोन फूट लांब हवा. सुतार हातभराची फळी ठोकून देतात, त्यावरून खुर्ची चढत नाही आणि ढकलणारीचं मनगट दुखावतं.

धरायचे दांडे लावणार असाल तर आधी भिंत बघा. जुन्या घरांत चुना-मातीची भिंत असते, तिच्यात अँकर बोल्ट धरत नाही. एक दिवस सगळा भार पडला की दांडा प्लॅस्टरसकट हातात. तिथे जमिनीत रोवलेला दांडा बसवा. फरशीला चिकटणारे रबरी कपचे दांडे तर अजिबात नकोत.

आता सगळ्यात कळकळीचं. उजवा हात धरून ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा सैल असतो, ओढला की सांधा सरकतो आणि मग महिनोन् महिने दुखत राहतं. काखेत हात घालूनही उचलायचं नाही. कपडे घालताना आधी उजवा हात, काढताना उजवा शेवटी. नऊवारी-पाचवारी बाजूला ठेवून पुढून उघडणारे सुती गाऊन शिवून घ्या. खुर्ची नेहमी चांगल्या, म्हणजे डाव्या बाजूला लावायची. शेकायची पिशवी उजव्या अंगाला नको, तिथे चटका कळत नाही.

हे लिहून समजत नाही, हाताने शिकावं लागतं. म्हणून सासूबाई दवाखान्यात आहेत तोवरच ताईंना एक-दोन दिवस तिथे बोलवा. वॉर्डातल्या सिस्टर आणि फिजिओ कसं उचलतात ते त्यांना बघू द्या, करू द्या. त्या दिवसांचा पगार द्या.

छत्रीबाग_३

कागदपत्रांचं मी सांगतो. एजन्सीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण, ताई आजारी पडल्या तर काय, आणि आपण देतो त्यातले किती पैसे त्यांच्या हातात पडतात. तिसरं विचारायला लोक लाजतात. विचारा. पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या पोर्टलवर जरूर करा, ताईंना आधी सांगून. त्यांच्या घरच्या दोन माणसांचे नंबरही घ्या. त्यांना काही झालं तर कळवायला नको का?

दागिने आणि रोकड ताई यायच्या आधी घरातून हलवा, आणि घरातल्या दोघांच्या सहीने यादी करून ठेवा. आमच्या आत्याला विसरायचा आजार होता. एक दिवस तिने धोशा लावला, ‘माझ्या पाटल्या हिने घेतल्या.’ आत्याकडे येणारी बाई रडायला लागली, पिशवी उपडी करून दाखवायला लागली. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या आणि यादी ड्रॉवरमध्ये. बाईंसमोर ती यादी वाचली आणि विषय तिथेच मिटला. यादी नसती तर त्या बाईकडे आपली बाजू मांडायला काहीच नव्हतं. त्यांच्या पिशवीला कुणी हात लावायची वेळच येऊ नये, यासाठी ही यादी.

कॅमेरा मात्र लावाच. दोघं नोकरीला जाता, काळ चांगला नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

कॅमेऱ्याबद्दल थोडं वेगळं मत. लावा, पण ताईंना दाखवून, सांगून. आणि कुठे लावता ते बघा. ताई त्याच खोलीत झोपणार, कपडे बदलणार असतील तर तिथे कॅमेरा नको. सासूबाईंची स्वच्छता होते तिथेही नको, त्यांचीही लाज आहेच की. मुख्य दार आणि बैठक पुरे. फोनवर दिवसभर बघत बसून ‘आत्ता का बसलात’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. असल्या घरी कुणी टिकत नाही.

दुसरं, ताईंच्या झोपायच्या जागेला आणि न्हाणीघराला आतून कडी हवी. घरात पुरुष आहेत, पाहुणे येतात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकाही येतात आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे त्यांना माहीत असावं, आणि आपल्यालाही.

छत्रीबाग_३

@लष्कर_ग्वाल्हेर, पटलं. खोलीत नको, दाराशी पुरे.

बऱ्हाणपूरची

माझी आई हेच काम करते. बऱ्हाणपूरहून इंदूरला येऊन तिने कितीतरी आजी-आजोबा सांभाळले. म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते.

आई नव्या घरी गेली की पहिल्या रात्री तिला फोन करून मी एकच विचारते, ‘झोपायला कुठे दिलंय?’ स्वयंपाकघराच्या दारात चटई, पॅसेजमध्ये सतरंजी, पेशंटच्या पलंगाखालून ओढायची गादी, सगळं झालंय. जमिनीवर झोपायला तिची ना नाही, पण रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तिला ओलांडून जातो, हे तिला लागतं. तुमच्या ताईंना एक खाट, स्वतःची उशी-पांघरूण आणि कुलूप लागेल असा एक कप्पा द्या. चार्जिंगचा प्लग त्यांच्या खाटेपाशी हवा. फोन ही त्यांच्या मुलांशी बोलायची एकमेव वाट असते.

अंघोळीची वेळ ठरवून द्या. पेशंटला एकटं सोडता येत नाही म्हणून आई कितीदा दुपारी दोनपर्यंत बिनअंघोळीची असते. सकाळी तुम्ही निघायच्या आधी अर्धा तास सासूबाईंपाशी बसा आणि सांगा, ‘ताई, तुम्ही आवरून या.’ संध्याकाळीही तासभर त्यांना बाहेर पडू द्या.

जेवण. आईला एका घरी वेगळा कप होता, दांडी तुटलेला, खिडकीच्या गजाला अडकवलेला. त्याच हातांनी ती त्या घरच्या आजींना रोज भरवायची, त्यांचे दात घासायची, त्यांची शी काढायची. कपाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला सांगताना मात्र तिचा आवाज बदलला. सोवळ्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून एवढं बोलते. घरात सगळे ज्या भांड्यात खातात त्यातच त्यांना वाढा, आणि गरम असताना. निमाडकडच्या माणसाला ज्वारीची भाकरी, तिखट लागतं. आपलं आमटी-भात-वरण रोज दिलं तर पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांना विचारा आणि ते पीठ घरात आणा.

कामाची यादी करा आणि तिच्यावर ठाम राहा. पेशंटचं सगळं त्यांचं. घरभराचा झाडू-पोछा, पाहुण्यांचा चहा, मुलाचे शर्ट इस्त्री हे त्यांचं नाही. ‘जरा एवढं करता का’ने सुरुवात होते आणि संपत नाही. आणि घरातल्या एकानेच सूचना द्याव्यात. सून म्हणते दूध द्या, मुलगा म्हणतो नको, पुण्याची लेक व्हिडिओ कॉलवर तिसरंच सांगते. बोलणी मात्र माझ्या आईला.

आजोबा_सुदामानगर

माझं वय ८६. कंबरेचं हाड मोडल्यापासून मीही दुसऱ्याच्या हातात आहे. फोनवर एका बोटाने लिहितो, म्हणून थोडक्यात.

सासूबाईंना कुणी विचारलं का? त्यांना सगळं समजतं असं आपण लिहिलं आहे. ताईंना त्यांच्यासमोर आणा, नाव सांगा, ‘या आपल्याकडे राहणार’ असं दोघींना समोरासमोर सांगा. मला पहिल्या दिवशी कुणी काही न सांगता एका अनोळखी पोराने येऊन माझा लेंगा सोडला. तो पोरगा आता मला नातवासारखा आहे, पण तो दिवस मी विसरलो नाही. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, ‘आजी, आता कूस बदलते.’ एवढी ताकीद ताईंनाही द्या आणि घरच्यांनाही.

बोलता येत नसेल तर चित्रांचा पुठ्ठा करा: पाणी, शू, शी, दुखतंय, थंडी, पंखा, उशी, देव. डाव्या हाताने बोट दाखवता येतं.

निवृत्त_सिस्टर

आजोबा, बरं झालं लिहिलंत. चित्रांचा पुठ्ठा तर हवाच. उजवी बाजू जाते तेव्हा बोलण्यावर पुष्कळदा परिणाम होतो, शब्द आठवत नाहीत आणि माणूस चिडतो. लोक मग त्यांच्याशी लहान मुलासारखं बोलतात. ते करू नका.

रामबागची_सून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री नवऱ्याने आणि मी बसून सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले, मुलालाही वाचायला लावले.

ठरलं ते असं. मधल्या खोलीत सासूबाईंचा पलंग. बैठकीच्या कोपऱ्यात लाकडी पार्टिशन घालून ताईंची खाट, आतून कडी, वर पंखा आणि प्लग; मधल्या खोलीतून हाक मारली की तिथे ऐकू येतं. मोठं कपाट वर हलवून खालचं छोटं त्यांना देतोय, किल्ली त्यांच्याचकडे. रात्री बाराची कूस नवरा बदलणार, पहाटे चारची मी. मधली दोनची ताईंकडे. दुपारी मुलगा क्लासहून आला की दोन तास तो आजीपाशी आणि ताई झोपतील. बारावीचं वर्ष आहे म्हणून मी कचरत होते, तर तोच म्हणाला पुस्तक घेऊन बसेन.

देव वर नेतोय. दवाखान्यात सासूबाईंना विचारलं, ‘आई, देवघर माडीवर नेलं तर चालेल का, ताईंना स्वयंपाकघरात मोकळं वाटेल.’ त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग डाव्या हाताने गळ्याशी काहीतरी खुणावत होत्या, समजायला वेळ लागला. गळ्यातली तुळशीची माळ काढायची नाही, असं म्हणत होत्या. माळ राहील. बाळकृष्णाची तसबीर पलंगासमोर लावते. भांडी सगळ्यांची एकच, हे मी आणि नवऱ्याने घरात स्पष्ट सांगितलंय.

उद्या ताई दवाखान्यात येत आहेत. आता तीन प्रश्न उरले. वीज गेली तर हवेची गादी? रोजच्या चादरी धुवायचं पाणी? आणि डायपर टाकायचे कसे?

फिजिओ_बडोदा

गादीचा पंप फार थोडी वीज खातो, इन्व्हर्टरच्या लाइनवरचा प्लग द्या. नळी पलंगाच्या कडेला चिमटत नाही ना ते रोज बघायचं. आणि हाताचा तळवा गादीखाली, सासूबाईंच्या कुल्ल्यांखाली येईल असा सरकवून बघा. हाड तळव्याला टेकत असेल तर हवा कमी आहे.

निवृत्त_सिस्टर

पाण्याचं: नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं हे धरूनच चादरींचा हिशेब करा. पलंगावरच्या चादरी चार-पाच जोड हव्यात, आणि वर टाकायला धुता येणारी रबरी पाठीची शीटं. घाण लागलेली चादर आधी वेगळ्या बादलीत खळबळून मगच मशीनमध्ये. नळ नसलेल्या दिवसासाठी मागे एक पिंप फक्त याच कामाचं ठेवा. ते भरायचं काम ताईंवर टाकू नका, सकाळी घरातल्या कुणीतरी मोटर लावायची.

फ्रिजवर एक कागद: १०८, ११२, डॉक्टरांचा नंबर, शेजारी किल्ली कुणाकडे आहे ते, आणि घराचा पत्ता हिंदीत, जवळच्या ठळक खुणेसकट. ताई शहरात नव्या आहेत, घाबरल्या वेळी त्यांना पत्ता वाचून सांगता आला पाहिजे. औषधांची यादी आणि डिस्चार्जचा कागद एकाच फाइलमध्ये, फ्रिजच्या वर.

छत्रीबाग_३

डायपरचं मी सांगतो, आमच्याकडे रोजचं होतं. कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. शी आधी संडासात झटकायची, डायपर आतल्या बाजूला गुंडाळून कागदात बांधायचा आणि झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवायचा. ओल्या कचऱ्यात गेला तर गाडीवाला परत करतो, आणि बरोबरच करतो, पुढे ते हाताने निवडणारी माणसं असतात. इन्शुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण घट्ट लावून घातक कचऱ्यात द्या. डब्यांवर हिंदीत नावं चिकटवा. आणि गाडीचं गाणं ऐकू आलं की डबा घेऊन धावायचं काम सकाळी घरच्यांनी करावं, तेव्हाच ताईंची अंघोळीची वेळ आहे ना.

बऱ्हाणपूरची

आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, पहिल्या दिवशी ताईंना घर दाखवताना संडासचा दिवा कुठून लागतो तेही दाखवा. नव्या घरी रात्री तेच सापडत नाही, आणि कुणाला उठवून विचारायचा संकोच वाटतो.

रामबागची_सून

आमचं बटण बाहेर चौकातल्या खांबावर आहे, कुणालाच सापडत नाही! आज इलेक्ट्रिशियन उतारांच्या फळ्यांच्या सुताराबरोबरच येतोय, दाराशी बटण घेऊन टाकते. आईंना नमस्कार सांगा.